प्यूटरवरची पांढरी पूड पुसली तरी परत येते: जुन्या लेस बॉबिनचं समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. इंग्लंडातल्या लिलावातून किंवा जुन्या बाजारातून लेस विणायच्या, प्यूटरच्या (कथील-शिशाच्या धातूच्या) पट्ट्यांच्या दहा-बारा बॉबिन आणल्या, मऊ कापडाने पुसल्या आणि छानशा लाकडी पेटीत मांडल्या. तीन-चार महिन्यांनी पेटी उघडली तर पट्ट्यांच्या कडेने रांगोळी सांडल्यासारखी पांढरी पूड. ती पुसली. पुढच्या खेपेला पूड परत आलेली, एक पट्टा बोटाने फिरवला की फिरतोय आणि दुसऱ्या बॉबिनवर दोन ठिपक्यांच्या जागी नुसती भोकं.

मग पॉलिश, लिंबू, टूथपेस्ट असे प्रयोग सुरू होतात आणि दर प्रयोगानंतर पूड आणखी लवकर येते. तेव्हा थेट सांगायचं तर आधी पेटी बदला, बॉबिनला हात नंतर लावा. उलट क्रमाने केलेली सफाई टिकत नाही. हे असं का, ते कळायला बॉबिन कशी घडवलेली आहे हे माहीत हवं.

कोणत्या बॉबिनबद्दल बोलतोय

बेडफर्डशर, बकिंगहॅमशर आणि नॉर्थम्प्टनशर या मध्य इंग्लंडच्या पट्ट्यात लेस विणणाऱ्या बायका उशीवर टाचण्या टोचून, दोऱ्याच्या बॉबिन आडव्या-उभ्या फिरवून लेस करत. तिथली बॉबिन साधारण ९ ते १० सेंटिमीटर लांब आणि पेन्सिलीहून थोडी बारीक असते. वर डोकं, खाली दोरा गुंडाळायची मान, मग लांब दांडी, आणि शेपटाला तारेत ओवलेल्या मण्यांचा झुबका. या झुबक्याला स्पँगल म्हणतात. त्याच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो आणि उशीवर बॉबिन गडगडत नाही. डेव्हनमधल्या हॉनिटन लेसच्या बॉबिन गुळगुळीत, टोकदार आणि बिनमण्यांच्या असतात, त्यांचा इथे संबंध नाही.

प्यूटर म्हणजे मुख्यतः कथलाचा मिश्रधातू. कल्हईचं कथील आपल्या ओळखीचं आहे, त्यात शिसं मिसळलं की जुनं स्वस्त प्यूटर झालं. आडव्या पट्ट्यांची बॉबिन ‘टायगर’, ठिपक्यांची ‘लेपर्ड’ आणि पंखासारख्या तिरक्या तुकड्यांची ‘बटरफ्लाय’. पट्टे वाघाला, ठिपके बिबट्याला. हिशेब आपलाच आहे.

कारागीर लेथवर दांडीत खाच पाडायचा किंवा भोकं घ्यायचा, भोवती साचा आवळायचा आणि वितळलेलं प्यूटर ओतायचा. थंड झालं की पुन्हा लेथवर धरून धातू लाकडाच्या पातळीला आणायचा. यात डिंक नाही, खिळा नाही. धातू खाचेत अडकलेला आहे म्हणून टिकतो, एवढंच. म्हणूनच पट्टा सैल झाला तरी सरकत सरकत निघून येऊ शकत नाही. निघून हातात आला असेल तर तो कुठेतरी फुटलेला आहे, भिंग लावून फट शोधा.

आधी पूड कसली आहे ते ठरवा

पांढरं दिसलं की गंज, असं धरून चालू नका. सहा-सात वेगवेगळ्या गोष्टी पांढऱ्या किंवा फिकट दिसतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि बाजूने पडणारा टॉर्चचा उजेड घ्या.

पूड फक्त धातूवर आणि धातू-लाकडाच्या सांध्यावर असेल, पिठासारखी हलकी असेल आणि खाली धातूत बारीक खड्डे दिसत असतील, तर ती शिशाचा गंज आहे. याच पोस्टचा विषय तो.

पांढुरकं लाकडावरही पसरलं असेल आणि बोटाच्या उबेने पारदर्शक होत असेल तर ते मेण फुललंय. कापसाच्या काडीवर एक थेंब व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचं टर्पेंटाइनसारखं द्रावण) घेऊन पुसलं की जातं आणि परत येत नाही. फक्त कोरलेल्या रेषांत आणि कोपऱ्यांत, घट्ट सुकलेलं पांढरं असेल तर आधीच्या मालकाने लावलेलं धातूचं पॉलिश राहून गेलंय. टोकदार केलेल्या बांबूच्या काडीने कोरडंच निघतं.

लाकडात दीड ते दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली पिवळसर रवाळ भुसा दिसला तर कीड आहे. ती बॉबिन लगेच वेगळ्या पिशवीत घाला, बाकी सगळं नंतर. लव असलेले ठिपके म्हणजे बुरशी, पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या कपाटांत हमखास.

प्यूटरवर कठीण, उठावदार फोड दिसले तर ते कथलाच्या ऑक्साइडचे असतात. ते खरवडू नका. खाली चांगला धातू नसतो, फोड काढला की तिथे खळगा उरतो.

‘टिन पेस्ट’ (tin pest, म्हणजे कथलाचा ‘रोग’) हे निदान लोक फार हौसेने करतात. शुद्ध कथील १३.२ अंश सेल्सिअसच्या खाली राखाडी भुकटीत बदलू शकतं, हे खरं आहे. पण त्यासाठी कथील बरंच शुद्ध लागतं आणि थंडी बरीच जास्त व दीर्घकाळ लागते. शिसं मिसळलेल्या जुन्या प्यूटरमध्ये ते होण्याची शक्यता जवळजवळ सोडून द्या. दमट मुंबईत तर हा विषयच नको.

खात्रीसाठी दोन सोप्या खुणा. पट्ट्याची कड पांढऱ्या कागदाला हलकेच टेकवून एक सेंटिमीटर ओढा. शिसं भरपूर असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. दुसरं, शिसं ओळखणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्या मिळतात. ती काडी कागदावर पडलेल्या पुडीला लावा, बॉबिनला नव्हे, कारण तिच्यातलं रसायन आम्लयुक्त असतं.

आणि करडा-काळपट, एकसारखा, घट्ट थर असेल तर काहीच करू नका. तो प्यूटरचा स्वतःचा रंग आहे आणि तोच त्याला राखतो. चकाकणारं प्यूटर असलेली जुनी बॉबिन म्हणजे कुणीतरी वरचा थर घासून काढलेली बॉबिन. मिल्टन कीन्स किंवा बेडफर्डकडे राहणाऱ्यांनी ऑल्नीचं काऊपर अँड न्यूटन म्युझियम आणि बेडफर्डचं हिगिन्स ही दोन संग्रहालयं पाहावीत. दोन्हीकडे लेसच्या वस्तू आहेत आणि वापरातल्या जुन्या सामानाचा रंग कसा असतो याची नजर तिथे तयार होते.

पूड परत का येते

पांढरा रंग करण्यासाठी सफेदा पूर्वी कसा बनवत ते पाहिलं की सगळा उलगडा होतो. मडक्यात व्हिनेगर घालायचं, त्यावर शिशाच्या पट्ट्या ठेवायच्या, अशी मडकी शेणाच्या किंवा कातडी कमावून उरलेल्या सालीच्या ढिगात रचायची आणि दोन-तीन महिने बंद ठेवायची. ढिगातून ऊब आणि कार्बन डायऑक्साइड मिळायचा, व्हिनेगरमधून आम्लाची वाफ. बाहेर काढलं की शिशावर पांढऱ्या पापुद्र्यांचा थर. तो खरवडला की सफेदा तयार.

तुमची पेटी हीच भट्टी आहे, फक्त मंद आचेवरची. ओकचं लाकूड, एमडीएफ, प्लायवूड आणि पांढरा लाकूडगोंद यांतून ॲसिटिक आम्लाची वाफ सतत सुटत असते. ती शिशाशी मिळून शिशाचा ॲसिटेट होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचा कार्बोनेट करतो, म्हणजे ती पांढरी पूड, आणि या क्रियेत आम्ल पुन्हा मोकळं होतं. मोकळं झालेलं आम्ल पुढच्या शिशाला धरतं. थोडंसं आम्ल महिनोन्‌महिने काम करत राहतं ते यामुळे. वरची पूड झटकली तरी खड्ड्यांत ॲसिटेट शिल्लक असतो आणि पेटीतून नवी वाफ येतच असते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की हा कारखाना जोरात चालतो.

यात एक अडचणीची गोष्ट आहे. बॉबिनचं लाकूडही थोडं आम्ल सोडतंच. म्हणून पट्ट्याच्या आतल्या बाजूने, जिथे डोळा पोचत नाही तिथे, गंज आधी धरतो. शिशापेक्षा त्याच्या गंजाला जागा जास्त लागते, म्हणून आतून फुगत जाऊन पट्ट्याला उभी चीर पडते. काही बॉबिन हाडाच्याही असतात, त्यांवर हा त्रास कमी. तिथे आम्ल आलं तर ते बाहेरूनच.

पेटी तपासा आणि बदला

संशयित यादी मोठी नाही: ओकचा जुना ड्रॉवर, एमडीएफच्या पाठीची काचेची फ्रेम, फ्रेममध्ये गोंदाने चिकटवलेलं फेल्ट, नुकताच ऑइल पेंट दिलेला कप्पा, आणि सांध्यात भरलेलं ते सिलिकॉन जे सुकताना व्हिनेगरचा वास मारतं. लोकरी फेल्ट आणि रबर आम्लापेक्षा गंधकासाठी वाईट, त्याने धातू काळा पडतो. सागवान ओकपेक्षा सौम्य असलं तरी बंद पेटीसाठी कुठलंच लाकूड निर्दोष धरू नका.

शंका असेल तर चाचणी फुकटात होते. छपराच्या कामातल्या शिशाच्या पत्र्याचा नखाएवढा तुकडा घ्या, सुरीने खरवडून चकचकीत करा, त्याच बंद पेटीत काचेच्या बशीत ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी पाहा. नुसता करडा झाला तर पेटी ठीक. दोन महिन्यांच्या आत पांढुरका झाला तर पेटीचं काम संपलं. हातमोजे घालून तुकडा हाताळा.

नवी पेटी पॉलिप्रॉपिलीनची, झाकण घट्ट बसणारी. पीव्हीसी नको. आत पॉलिथिलीनचा फोम आणि आम्लरहित टिश्यू, वर्तमानपत्र अजिबात नाही. बॉबिन एकमेकींना टेकू नयेत, झुबके दुसऱ्या बॉबिनच्या दांडीवर पडू नयेत.

आर्द्रतेचं गणित जरा नाजूक आहे. शिशाला जितकं कोरडं तितकं बरं, पण लाकूड आणि हाड ४० टक्क्यांच्या खाली आकसायला लागतात. म्हणून ४५ ते ५० टक्के. सिलिका जेल हवेच्या दर घनमीटरला २० किलो या हिशेबाने, म्हणजे ५ लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम. इथे हमखास होणारी चूक अशी की लोक जेल ओव्हनमध्ये पूर्ण सुकवून तसंच आत ठेवतात. मग दोन दिवसांत डब्यातली हवा वाळवंटासारखी होते आणि हाडाला लांब भेग जाते. सुकवलेलं जेल आधी एका रिकाम्या डब्यात छोट्या डिजिटल आर्द्रतामापकासोबत ठेवा, मधूनमधून उघडून खोलीची हवा द्या, आकडा ४५ ते ५० वर स्थिर झाला की मगच बॉबिनच्या डब्यात हलवा. सोबत जाळीच्या पिशवीत ॲक्टिव्हेटेड चारकोल ठेवला तर लाकडातून सुटणारं उरलंसुरलं आम्ल तो शोषून घेतो. तो दर सहा महिन्यांनी बदला.

जुनी ओकची पेटी बॉबिनसोबतचीच असेल आणि टाकवत नसेल तर टाकू नका. ती शोभेला ठेवा, रिकामी.

आता सफाई

ही पूड म्हणजे शिशाचं विषारी संयुग. कोरड्या ब्रशने झटकायची नाही, फुंकर मारायची नाही, सँडपेपर तर नाहीच. नायट्राइलचे हातमोजे, खाली ओलसर टिश्यू पसरलेला ट्रे, शेजारी मूल किंवा चहाचा कप नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करू नका. संपल्यावर टिश्यू आणि काड्या पिशवीत बंद करून टाका, हात साबणाने धुवा.

साहित्य थोडकं आहे: कापसाच्या काड्या, डिस्टिल्ड वॉटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बांबूच्या काड्या, भिंग, आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ‘रेनेसाँ वॅक्स’ हे यातलं जुनं नाव, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं.

आधी चारही बाजूंनी फोटो काढा. मग:

१. सैल पूड अल्कोहोलने किंचित ओल्या काडीने उचला. घासायचं नाही, काडी फिरवत न्यायची. दर पट्ट्याला नवी काडी, नाहीतर खड्ड्यांतली घाण दुसऱ्या पट्ट्यावर जाते.

२. सांध्यातली पूड टोकदार बांबूने हळू सोडवा. धातूची सुई प्यूटरवर लगेच ओरखडा उठवते, ते तिच्याहून मऊ आहे.

३. ॲसिटेट पाण्यात विरघळतो, अल्कोहोलने तो नीट जात नाही. म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून टिश्यूवर टिपलेली काडी फक्त धातूवर एकदा फिरवा आणि पाच सेकंदांच्या आत अल्कोहोलच्या काडीने कोरडं करा. असं तीनदा. पाणी राहू देऊ नका, शुद्ध पाणी शिशाला खातं आणि लाकूड फुगवतं.

४. साधारण ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत २४ तास उघडी ठेवा.

५. कोरड्या सुती कापडावर तांदळाच्या दाण्याएवढं मेण घ्या, धातूवर पातळ फिरवा, वीस मिनिटांनी दुसऱ्या कापडाने ओढून काढा. जाड थर नको, तो खाचांत पांढरा बसतो आणि पुढच्या वर्षी तुम्हीच त्याला गंज समजता.

दोन सावधगिऱ्या. लाकडी बॉबिनवर लाखेचं पॉलिश असेल तर अल्कोहोल ते विरघळवतं, चिकट डाग पडतो. काडी धातूच्या बाहेर जाऊ देऊ नका. हाडाच्या बॉबिनवर ठिपक्यांनी कोरलेली नावं असतात आणि त्या ठिपक्यांत लाल-निळा रंग भरलेला असतो. तो पाण्याने किंवा अल्कोहोलने उतरू शकतो, तेव्हा शेवटच्या अक्षराच्या एका ठिपक्यावर आधी पाहा. काडीला रंग आला तर अक्षरांच्या वाटेला जाऊ नका.

बॉबिन पाण्यात बुडवून ठेवू नये हे वेगळं सांगायला नको, पण लोक बुडवतात. हाड पिवळं पडतं, लाकूड फुगून पट्टा आतून फोडतं, झुबक्याची तार गंजते. चिंच, लिंबू, व्हिनेगर आणि तांब्या-पितळेची भांडी घासायची पूड यांबद्दल वर सफेद्याची कृती दिलीच आहे. ती करायची असेल तर हे सगळं योग्य साहित्य आहे.

पट्टा फिरतोय, खुळखुळतोय

आधी आर्द्रता मोजा, डिंक नंतर. हिशेब असा: हवा दमट असताना लाकडात १२ टक्के पाणी असेल आणि हीटर लावलेल्या घरात ते ७ टक्क्यांवर आलं, तर आडव्या अंगाने लाकूड साधारण दीड टक्का आकसतं. ६ मिलिमीटरच्या दांडीवर हे ०.०९ मिलिमीटर झालं, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाची जाडी. धातू तेवढाच राहतो, पट्टा फिरायला लागतो. लंडनच्या घरात जानेवारीत फिरणारा पट्टा पुण्यात जुलैमध्ये आपोआप घट्ट बसतो, तो याच कारणाने. अशी बॉबिन ५० टक्क्यांच्या डब्यात सहा आठवडे ठेवा. बरेच पट्टे तेवढ्यानेच बसतात.

तरीही खुळखुळत असेल तर पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन वापरा. १०० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये १० ग्रॅम दाणे, झाकण लावून रात्रभर, मधे मधे हलवत. बारीक ब्रशच्या टोकाने पट्ट्याच्या कडेला दोन किंवा तीन ठिकाणी थेंब टेकवा, फटीत ते स्वतः ओढलं जातं. एक दिवस सुकू द्या. पूर्ण भोवती भरू नका. फट गच्च भरली की पुढच्या पावसाळ्यात लाकडाला फुगायला जागा राहत नाही आणि पट्टा तडकतो. दोन-तीन ठिकाणी टाके घातल्यासारखं धरणं पुरेसं आहे.

बी-७२ बद्दल दोन गोष्टी पुस्तकी माहितीत सहसा येत नाहीत, पण आपल्या हवेत नडतात. ॲसिटोन उडताना जागा थंड करतो, दमट हवेत तिथे पाणी जमतं आणि सांधा दुधाळ होतो. म्हणून मुंबई-कोकणात हे काम पावसाळ्यात एसी खोलीतच. दुसरं, हे रेझिन ४० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ वर जातो, बंद खोलीत जोडलेला तुकडा घसरू शकतो. तिथे बी-४८एन बरं, ते ५० अंशांपर्यंत तग धरतं.

पांढरा गोंद वापरायचा नाही, तो स्वतःच ॲसिटिक आम्ल सोडतो. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ आणि सुकताना भोवती पांढरी वाफ सोडणारा. इपॉक्सी परत निघत नाही. पुढच्या माणसाला आपलं काम उलटवता आलं पाहिजे.

पट्टा चिरलाय आणि तोंड उघडलंय, तर तो वाकवून बंद करायचा मोह टाळा. गंजलेलं प्यूटर वाकत नाही, मोडतं. आतली पूड वरच्याच पद्धतीने साफ करा, खाचेत पातळ जपानी टिश्यूचा (चिवट, तलम कागदाचा) एक थर २० टक्के, म्हणजे वरच्यापेक्षा दुप्पट दाट बी-७२ ने बसवा, तुकडे त्यावर टेकवा आणि दोऱ्याच्या तीन सैल वेढ्यांनी रात्रभर धरून ठेवा. दोरा सुती, आणि त्याखाली पॉलिएस्टर फिल्मची पट्टी, नाहीतर सकाळी दोराही चिकटलेला सापडतो.

ठिपका गळालाय

नवीन प्यूटर वितळवून ओतावं असं प्रत्येकाला वाटतं. मूळ कारागिरानेही तेच केलं होतं ना? केलं होतं, पण नुकत्याच कातलेल्या कोऱ्या दांडीवर. आता त्याच दांडीवर शेजारी जुना धातू आहे. कथील-शिशाचं सर्वांत लवकर वितळणारं मिश्रण १८३ अंशांवर पातळ होतं. तुम्ही एक ठिपका भरायला जाल आणि शेजारचे दोन वाहून जातील. जुनं हाड त्या उष्णतेने तडकू शकतं. ६०-७० अंशांवर वितळणारे बिस्मथचे मिश्रधातू इंटरनेटवर सुचवले जातात. त्यांतल्या काहींत कॅडमियम असतं, ते घरात आणूच नका.

रिकामं भोक तसंच ठेवणं हा पहिला पर्याय आणि बहुतेक वेळा तोच योग्य. भोक साफ करून मेणाचा पातळ हात दिला की पुरे. भरायचंच असेल तर थंड पद्धतीने. शिसं नसलेल्या आधुनिक प्यूटरचा किंवा कथलाचा पातळ पत्रा घ्या, चामड्याला भोक पाडायच्या पंचने भोकाच्या मापाची टिकली काढा, वाटीसारखी किंचित फुगवा, भोकाच्या तळाशी २० टक्के बी-७२ आणि काचेच्या सूक्ष्म गोळ्यांचं घट्टसर मिश्रण भरून त्यावर टेकवा. नवी टिकली चमकते. तिला रसायनाने काळं करत बसू नका, मेणात चिमूटभर काजळी मिसळून चोळली की बरीच जुळते. हातभर अंतरावरून फरक दिसू नये, भिंगाखाली मात्र दिसावा. पंखाच्या आकाराचे तुकडे घरी बनवण्यात सहसा यश येत नाही, दांडीच्या गोलाईवर ते कडेने उचलले जातात.

झुबक्याची तार हिरवी

प्यूटर नीट झालं तरी शेपटाकडे हिरवं मेणचट काही दिसतं. ती पितळी किंवा तांब्याची तार हाताच्या तेलाशी मिळून झालेली असते. बांबूच्या काडीने उचला, अल्कोहोलने पुसा, तार सोडवू नका. जुनी तार एकदा उलगडली की परत वळताना तुटते. आधीच तुटली असेल तर मण्यांचा क्रम फोटोत पकडा. खाली एक मोठा मणी आणि दोन्ही बाजूंना चौकोनी, फाइलने दाबून खडबडीत केलेले मणी, असे मिळून सहसा सात ते नऊ. त्याच क्रमाने ०.४ किंवा ०.५ मिलिमीटरच्या पितळी तारेत ओवा. दांडीच्या भोकात तार कधीही ताणून ओढायची नाही, भोकाची कड आधीच झिजलेली असते आणि हाड तिथूनच फुटतं.

अशा बॉबिनवर लेस करायची का

पांढऱ्या दोऱ्यावर नको. कागदावर करडी रेघ उमटते तशीच ती दोऱ्यावर आणि उशीच्या कापडावर उमटते आणि धुतल्याने पूर्ण जात नाही. शिवाय तासभर बोटांत शिसं घोळवायचं. उशीवर टायगर हवीच असेल तर शिसं नसलेल्या प्यूटरच्या नव्या बॉबिन मिळतात, त्या घ्या. जुन्यांसाठी डब्यात एक चिठ्ठी ठेवा: कोणत्या बॉबिनला कधी, कशाने, किती टक्के, कुठल्या बाजूला काय केलं. तीन महिन्यांनी झाकण उघडून भिंग लावा. एखाद्या पट्ट्यावर पुन्हा पांढरं दिसलं आणि बाकीच्यांवर नाही, तर डबा ठीक आहे आणि त्या एकाच बॉबिनच्या लाकडातून आम्ल येतंय. ती स्वतंत्र छोट्या डब्यात, चारकोलच्या दुप्पट पिशवीसह हलवा. सगळ्यांवर दिसलं तर डब्यात काय नवीन गेलं ते शोधा. बहुतेकदा कुणीतरी आत लाकडी ट्रे किंवा छापील कार्ड ठेवलेलं असतं.